सापाच्या पेटीतील ऊन आणि सावली

‘थंड रक्ताचे प्राणी’ हा शब्दप्रयोग आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत रूढ झालेला आहे. परंतु तो जितका सोयीचा तितकाच फसवा आहे. मार्गशीर्षातील सकाळी बांधावर उन्ह खात पडलेल्या धामणीचे अंग कोणी जाणकाराने चाचपून पाहिले, तर ते कोमट लागेल. तीच धामण पहाटे बिळात असताना दगडासारखी गार असते. तिचे रक्त थंडही नव्हे आणि उष्णही नव्हे. भोवतालची उष्णता ती उसनी घेते आणि नको तेव्हा परत करते. आपल्या शरीरात मात्र अन्न जाळून उष्णता निर्माण करणारी भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते व ती अंगाची उष्णता ३७ अंशांच्या आसपास राखते. या भट्टीला सरपण लागते, म्हणून आपल्याला दिवसातून दोनदा जेवावे लागते. सापाने ही भट्टीच बाळगलेली नाही. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांत एखादा उंदीर मिळाला तरी त्याचा निर्वाह होतो. ही काटकसर मोठी खरी. पण तिची किंमत अशी, की ऊन आणि सावली यांच्यामध्ये ये-जा करण्याची मोकळीक त्याला जन्मभर असावी लागते. ती मोकळीक गेली की सापाचे आरोग्य गेले, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत कधी कधी प्राणही गेले.

हा विषय वार्षिकासाठी निवडण्यास एक निमित्त झाले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काही हौशी लोक अलीकडे काचेच्या पेटीत साप पाळू लागले आहेत, आणि त्यांत ‘कॉर्न स्नेक’ नावाच्या अमेरिकन सापाचे नाव वारंवार ऐकू येते. सुट्टीत नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या आपल्या काही विद्यार्थ्यांनी मला विचारले, की त्या पेटीत दिवा कशाला लावतात आणि तो किती अंशांवर ठेवतात? प्रश्न सरळ दिसतो. पण ‘किती अंशांवर’ या शब्दांतच एक चूक दडलेली आहे, आणि ती उलगडून दाखवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या पाहुण्याची ओळख करून घेऊ. कॉर्न म्हणजे मका. अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लॉरिडापर्यंत, हा साप शेतांत, रानांत आणि पडक्या वाड्यांतून आढळतो. मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागे येतो म्हणून त्याला हे नाव पडले असे कोणी म्हणतात. त्याच्या पोटावरील चौकटी रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून, असे दुसरे कोणी म्हणतात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. हा बिनविषारी आहे. भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो. लांबी साधारणपणे चार-पाच फूट. आपल्याकडील धामण आणि तस्कर हे त्याच्याच मोठ्या कुळातील होत. तस्कर तर स्वभावाने व राहणीने त्याच्या बराच जवळचा म्हणता येईल.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. धामण, तस्कर, नाग, अजगर असा आपल्या रानातील कोणताही साप धरून घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत, आणि ज्याला त्या पाळावयाच्या असतील त्याने आधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन ते समजून घ्यावेत. माझे स्वतःचे मत विचाराल, तर साप पाळण्यापेक्षा साप समजून घेण्यात आनंद अधिक आहे. कोळारसारख्या ठिकाणी, जेथे तुरीच्या शेतात पाऊल टाकताच धामण दिसण्याचा संभव, तेथे पेटीची गरजच काय? परंतु पेटीचा विचार केल्याने रानातील साप अधिक चांगला कळतो, म्हणून हा प्रपंच.

पूर्वी शास्त्रज्ञांचीही अशी समजूत होती, की सरपटणारे प्राणी भोवतालच्या हवेचे निमूट गुलाम असतात. हवा तापली की तेही तापतात, हवा निवली की तेही निवतात. रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी या समजुतीला धक्का दिला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरडे व साप यांच्या अंगाची उष्णता लहान उष्णतामापकांनी मोजून त्यांनी १९४४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की हे प्राणी उन्हात येणे, सावलीत जाणे, वाळूत शिरणे, अंग उन्हाकडे करणे किंवा वळवून घेणे अशा साध्या हालचालींनी आपल्या अंगाची उष्णता पुष्कळशा ठराविक मर्यादेत राखतात. म्हणजे भट्टी नसली तरी कारभार आहे, आणि तो सारा पायांनी, अथवा पाय नसतील तर पोटाने, चालतो. त्याच निबंधात त्यांनी आणखी एक मर्यादा निश्चित केली. अंग तापत तापत अशा एका अंशावर येते, की प्राण्याच्या हालचालींतील मेळ सुटतो आणि मरण समोर असूनही त्याला पळून जाता येत नाही. तो त्या वेळी मेलेला नसतो. पण स्वतःला वाचवण्याचे सामर्थ्य संपलेले असते. वाळवंटात ही अवस्था येण्यापूर्वीच साप बिळात गेलेला असतो. काचेच्या पेटीत बीळ नसते, हे ध्यानात ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सापाची पेटी किती अंशांवर ठेवावी? याचे उत्तर, एका अंशावर ठेवू नये. पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी गार असावी, आणि मधला प्रदेश हळूहळू बदलत जावा. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोक सुमारे २९ ते ३१ अंश व गार टोक २२ ते २५ अंश असावे असा जाणकारांचा सर्वसाधारण अनुभव आहे. रात्री थोडे अधिक उतरले तरी बिघडत नाही. एवढे केले की मालकाचे काम संपले. त्यापुढील अंशांची निवड साप करील. जेवल्यानंतर तो उबेकडे जाईल, कारण पाचकरसांचे काम उबेतच चालते. तेथे ऊब मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. पोट हलके झाले, किंवा कात टाकण्याची वेळ आली, म्हणजे तो आपल्या मनाने दुसरीकडे सरकेल. आज तो कोठे निजला आहे हे पाहून मालकाला त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येतो. रात्रंदिवस उबेच्या टोकाला चिकटून राहणारा साप सांगत असतो, की पेटी एकंदरीत थंड आहे. सतत पाण्याच्या भांड्यात पडून राहणारा बहुधा उष्म्याची तक्रार करीत असतो.

ऊब देण्याकरिता पेटीच्या तळाला बाहेरून विजेची चटई लावतात, अथवा वरून दिवा लावतात. चटईने तळाचा एक तृतीयांश भागच झाकावा. सगळा तळ तापवला तर निवड कसली उरली? तिला तापनियंत्रक, ज्याला बाजारात थर्मोस्टॅट म्हणतात, तो जोडलेला असलाच पाहिजे. नियंत्रकाशिवाय काच चाळीस अंशांच्याही वर सहज जाते. आणि येथे सापाच्या शरीरातील एक उणीव आड येते. ऊन त्याला अंगावर वरून कळते, कारण निसर्गात ऊन वरूनच येते. पण पोटाखालची जमीन भाजते आहे हे त्याला वेळेवर उमगेलच असा भरवसा नाही. विजेने तापणाऱ्या कृत्रिम दगडांवर पडून राहून पोट भाजून घेतलेले साप पशुवैद्यांना पाहावे लागतात. म्हणून ते दगड वापरूच नयेत, आणि दिवा असेल तर त्याला जाळीचे आवरण हवे, नाही तर साप त्यालाच वेटोळे घालावयाचा.

मापन कोठे करावयाचे हेही महत्त्वाचे आहे. काचेवर चिकटवलेला उष्णतामापक काचेची उष्णता सांगतो. साप काचेवर राहत नाही, तो तळावर राहतो. तेव्हा मापकाचे टोक साप जेथे लपतो त्या जागी, भुशाच्या खाली, जमिनीला टेकून असावे, आणि दोन्ही टोकांना वेगवेगळे मापक असावेत.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो मला स्वतःला फार सूचक वाटतो. लपण्याची जागा दोन्ही टोकांना असावी लागते. ती एकट्या गार टोकाला असली, तर साप तेथेच दडून राहतो. ऊब हवी असूनही उघड्यावर येत नाही. सुरक्षितपणा आणि ऊब यांतून एकच घ्यावयाचे झाले तर तो सुरक्षितपणा घेतो व हळूहळू आजारी पडतो. वरवर पाहता अशी पेटी सर्व अंशांनी शास्त्रशुद्ध असते, मापक बरोबर आकडे दाखवीत असतात, आणि तरीही आतील प्राण्याला निवड नसते.

हे समजण्यास साप पाळावा लागत नाही. एक हाताभर लांब खोके आणि दुसरे त्याच्या तिप्पट लांब खोके घ्या. दोहोंच्या एका टोकाला जुन्या पद्धतीचा, म्हणजे तापणारा, चाळीस वॅटचा दिवा शिक्षकांच्या देखरेखीखाली लावा, आणि प्रत्येकात दोन टोकांना व मध्ये असे तीन उष्णतामापक ठेवा. दर पंधरा मिनिटांनी आकडे वहीत उतरवा. लांब खोक्यात तीन मापक तीन वेगळे आकडे दाखवीत राहतील. आखूड खोक्यात ते एकमेकांच्या जवळ येत जातील. प्रौढ सापाची पेटी निदान त्याच्या अंगाइतकी लांब का हवी, ते या दोन तक्त्यांवरून पाठ न करता कळेल. मात्र हा प्रयोग जानेवारीत करा आणि पुन्हा मे महिन्यात करा. मे महिन्यातील आकडे पाहून तुम्हांला आपल्या भागातील खरी अडचण दिसेल.

साप पाळण्याविषयीची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. तेथे ऊब कशी वाढवावी एवढीच विवंचना असते. आपल्याकडे कलबुर्गीला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो. बीदर उंच पठारावर असूनही चाळिशी गाठते. कॉर्न स्नेकला पस्तिशीच्या पुढे हवा सोसत नाही, आणि चाळिशीजवळ त्याच्या जिवालाच धोका असतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात दिवा विझवून, चटई काढून ठेवूनही पेटीची दोन्ही टोके मर्यादेपलीकडे जातात. उष्णता वाढवणे सोपे. तारेतून वीज सोडली की झाले. उष्णता कमी करणे हे फार अवघड काम आहे. त्यातून पेटी खिडकीजवळ ठेवली, तर काचेतून ऊन आत जाते पण ऊब बाहेर येत नाही, आणि अर्ध्या तासात अनर्थ होतो.

यावर पंखा लावावा, असे कोणी सुचवील. पंखा सापाला गार करीत नाही! पंख्याने आपल्याला बरे वाटते ते घाम सुकतो म्हणून. सापाला घाम येत नाही. त्याची खवलेदार कातडी कोरडी असते. चाळीस अंशांची हवा त्याच्या अंगावरून वाहिली तर चाळीस अंशांचीच राहणार. पंख्याचा उपयोग व्हावयाचा असेल तर त्याच्या वाटेत पाणी हवे, आणि येथे आपला मातीचा माठ मदतीस येतो.

मी मूळचा समुद्रकाठचा. आमच्या कोंकणीत सापाला ‘सोरोप’ म्हणतात. त्या किनाऱ्यावर उन्हाळा आणि हिवाळा यांत अंशांचा फरक थोडा, आणि हवा बारमाही दमट. तेथे माठातले पाणी बेताचेच गार होते, कारण दमट हवा आणखी बाष्प घेण्यास राजी नसते. बीदरच्या लाल जांभ्याच्या पठारावर आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात माठातील पाण्याने मला चकित केले. कोरडी हवा माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी भराभर शोषते, आणि त्या बाष्पाबरोबर उष्णता निघून जाते. उन्हाळा कडक असला तरी त्याचा उतारा त्याच कोरडेपणात आहे, हे या भागाचे भाग्यच म्हणावयाचे. पेटीच्या गार टोकाला एक लहान गाडगे पालथे घालून, त्याला बाजूने साप जाईल एवढे दार करून, दुपारी बाहेरून ओले केले, तर आतील हवा पेटीहून बरीच निवते. जाळीच्या झाकणाच्या अर्ध्या भागावर ओला पंचा टाकावा. पंख्याचा वारा त्यावरून जाऊ द्यावा. ओल मात्र दिवसरात्र ठेवू नये, नाही तर सापाच्या पोटावर फोड येतात. वीज गेली की चटई बंद पडते, पंखा बंद पडतो. पाणी घातलेले गाडगे आपले काम करीतच राहते. त्याहूनही मोठा उपाय म्हणजे खोलीची निवड. पत्र्याखालची माडी टाळून, जाड भिंतीची, तळमजल्यावरील, उत्तरेकडील खोली घ्यावी.

साप मातीच्या भांड्यात ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीपूर्वी धरलेले नाग मडक्यांत ठेवीत असत. पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्या प्रथेवर बंधने आली, आणि ते योग्यच झाले. मद्रासजवळ इरुळा या आदिवासी जमातीच्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. सर्पदंशावरील लस तयार करण्यासाठी लागणारे विष ती पुरवते. तेथेही विषारी साप वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांत, तोंडाला सुती कापड बांधून ठेवतात, काही आठवड्यांत विष काढून घेतात आणि मग त्यांना रानात सोडून देतात. पिढ्यान्पिढ्या सापांत वावरलेल्या लोकांनी काच न निवडता माती निवडली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

रानातील सापाला तर माठाचीही जरूर नाही. दिवसाची उष्णता जमिनीत हात-दीड हात खोल गेली की जवळजवळ विरून जाते; आणखी काही पुरुष खोल गेल्यास उन्हाळा-हिवाळ्याचा फरकही उरत नाही, आणि तेथील उष्णता त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकी राहते. बीदरला ही सरासरी साधारण २६ अंशांच्या जवळपास भरते. बहामनी काळात नौबादजवळ खोदलेली सुरंग बावी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना भर उन्हाळ्यात तिच्या तोंडाशी येणारा गारवा आठवेल. उंदराचे बीळ म्हणजे सापाची सुरंग बावीच. वारूळही तसेच, बाहेर आग ओतत असता त्याचे पोट समशीतोष्ण असते. नागोबाचे घर वारुळात, ही आपली जुनी समजूत कोणा भाबड्याने बसून रचलेली नाही. वारुळाच्या तोंडाशी साप खरोखरच दिसतात, आणि त्याचे एक मोठे कारण अंशांच्या भाषेत सांगता येते.

हे कारण शेतात राबणाऱ्या घरांना कामाचे आहे. उन्हाळ्यात दुपारी साप गारव्याला, म्हणजे कडब्याच्या गंजीखाली, दगडांच्या ढिगात, न्हाणीच्या ओलीत असावयाचा. तेथे हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे. तिन्हीसांजेनंतर जमीन निवते, पण डांबरी सडक उशिरापर्यंत कोमट राहते, म्हणून तो सडकेवर येऊन पसरतो आणि गाडीखाली सापडतो. मण्यार उष्ण दिवसांत रात्रीच हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसांच्या अंथरुणापर्यंत येते. खाटेवर निजावे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी, ही सूचना म्हणून अत्यंत महत्त्वाची. हिवाळ्यात हिशेब उलटतो. सकाळी नऊ-दहाला बांधावरच्या उन्हात साप आढळतो, आणि अंग गार असल्यामुळे तो चटकन पळत नाही. तो उद्दामपणे वाट अडवून बसला आहे असे समजून लोक त्याला ठेचतात. बिचारा फक्त तापण्याची वाट पाहत असतो.

येथवर आपण असे धरून चाललो, की सापाला स्वतःची उष्णता निर्माण करता येत नाही. याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्याच देशातील अजगराचा. कॉर्न स्नेकची मादी ओलसर, उबदार जागी अंडी घालते आणि निघून जाते. पेटीत घातलेली अंडी मालकाला उचलून २७ ते २९ अंशांच्या उबेत सुमारे दोन महिने सांभाळावी लागतात. अजगराची मादी मात्र अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. लामार-पिको नावाच्या एका फ्रेंच प्रवाशाने हिंदुस्थानातून परतल्यावर सांगितले, की ही मादी आपल्या अंगाने अंडी उबवते. पॅरिसच्या विद्वानांनी ते मानले नाही. थंड रक्ताच्या प्राण्याजवळ उष्णता येणार कोठून? परंतु १८४१ साली पॅरिसमधील प्राणिसंग्रहालयातच एक मादी अंड्यांवर बसली, व्हालांसिएन या शास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यांत उष्णतामापक घातला, आणि आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक ऊब असल्याचे दिसून आले. ही ऊब कशी निर्माण होते याचा नीट उलगडा पुढे १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवर झालेल्या प्रयोगांनी झाला. ती अंड्यांभोवती बसल्या बसल्या आपले स्नायू थोड्या थोड्या वेळाने आखडीत होती, जसे आपण थंडीत कुडकुडतो तसे. आणि संशोधकांनी भोवतालची हवा जसजशी अधिक गार केली, तसतशी ती अधिक वेळा कुडकुडू लागली.